उन्हाळी भाजीपाला: शहराचं अंतर तासांत मोजा

शहराच्या बाजारासाठी उन्हाळी पीक ठरवताना बहुतेकांचं लक्ष आदल्या हंगामाच्या भावावर असतं. आधी अंतर बघा, आणि तेही तासांत: तोडणी सुरू झाल्यापासून माल गाळ्यावर उतरेपर्यंत किती तास जातात? फोन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये शहराभोवतीच्या शेतीची वर्तुळं मांडली. दूध-भाजी सर्वांत आत, लगेच बाहेर सरपणाचं जंगल (लाकूड वाहायला जड), धान्य त्यापलीकडे. सरपण मागे पडलं, शीतगाड्या आल्या. साध्या टेम्पोने माल नेणाऱ्याला मात्र पालेभाजीचं वर्तुळ अजून ओलांडता येत नाही.

तापमान १० अंशांनी वाढलं की तोडलेल्या भाजीचा श्वसनवेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे ती तितकी लवकर उतरते. म्हणून पालेभाजी पहाटे तोडा, लगेच सावलीत घ्या, क्रेट ठासून भरू नका. भरलेल्या क्रेटच्या मधल्या जुडीत हात घालून बघा. वरची पानं गार असली तरी आत कोमट लागतं, आणि सड तिथूनच सुरू होते. लांबच्या बाजारासाठी टोमॅटो रंग धरू लागताच तोडा. काकडी शीतगृहात ठेवायची असेल तर १० अंशांच्या खाली नको, सालीवर खड्डे पडतात.

शहर रोज खातं, आपला प्लॉट मात्र एकदम निघतो. मुळा, पालक, कोथिंबीर एकाच दिवशी पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्पे पाडा. तोडणीचे मजूरही आधीच बोलून ठेवा, कारण उन्हाळ्यात शहरातली बांधकामं त्यांना ओढून नेतात.

आता खरा हिशोब. आडत (दलाली) कापली जात असेल तर ती टक्क्याने, पण भाडं, हमाली आणि तोडणी वजनावर किंवा नगावर. भाव निम्मा झाला तरी हे खर्च तेवढेच राहतात, म्हणून हातात निम्म्याहून कितीतरी कमी उरतं. किलोमागे हा खर्च काढून ठेवा. भाव त्याच्याही खाली गेला तर त्या दिवशी तोडूच नका. पेरणीचा खर्च तर आधीच गेलेला असतो, निदान तोडणी आणि भाडं वाचेल.

शहराकडून परत येणारं खत-पाणीही पारखून घ्या. कचऱ्याच्या खतात काच-प्लास्टिक दिसलं तर ते वावरात टाकू नका. कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेलं पाणी पालेभाजीला नकोच. त्यातला कॅडमियमसारखा विषारी धातू पानांत साठतो आणि धुऊन जात नाही.