एअर पिस्तूल स्वतःच्या हाताला बसवताय? या चुका टाळा

महाड-खेडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गावात जा, पेन्शनीत आलेला एखादा फौजी भेटतोच. आंब्याची कलमं, घराची डागडुजी, देवस्थानची कामं हे सगळं तो मनापासून करतो, पण हत्याराची ओढ हातातून जात नाही. मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. नेमबाजीचा छंद लागलेले आसपासचे निवृत्त जवान आणि नौदलातले मित्र आपापली एअर पिस्तुलं माझ्याकडे घेऊन येतात. तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ पिस्तुलात नसतं, ते हाताला बसवताना केलेल्या घाईत असतं.

पहिली गोष्ट कायद्याची. घरच्या बाकावर काडतुसाचं पिस्तूल बनवणं, सुटे भाग जुळवून ते उभं करणं किंवा असलेल्यात बदल करणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात माजी सैनिकाला यातून सूट नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. "मला सगळं येतं" हे तिथे कामाचं नाही. आपला छंद ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट १७७ इंचाच्या एअर पिस्तुलाचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे या बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. तरीही खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा, प्रवासात विचारणा होते. त्याची ताकद वाढवायच्या फंदात पडू नका. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला जास्त ताकद लागतच नाही.

आणि हो, बागेतल्या वानरांवर छर्रा मारायचा नाही. आंब्याचं नुकसान किती होतं ते मलाही ठाऊक आहे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि जखमी जनावर चार दिवस तडफडत मरतं.

सर्व्हिसची पकड घेऊन बसणे

सर्वांत मोठी चूक ही. फौजेत आपण पिस्तूल दोन्ही हातांनी, घट्ट आवळून धरायला शिकलो. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत मात्र एकच हात वापरायचा असतो. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. लंडनला २०१२ मध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य मिळवणारे विजय कुमार सैन्यातलेच. म्हणजे फौजीला हे जमत नाही असं मुळीच नाही, फक्त पकड नव्याने शिकावी लागते. मूठ आवळली की हाताचा बारीक कंप थेट फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमखुणेवर, दिसतो. मग माणूस आणखी आवळतो, कंप आणखी वाढतो, आणि शेवटी दोष पिस्तुलाला दिला जातो. अशा पकडीचं माप घेऊन पिस्तुलाची लाकडी मूठ घडवली तर ती कायमची चुकीचीच घडते. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी महिना-दोन महिने कंपनीच्या मूळ मुठीवरच, छर्रा न भरता, नुसता ट्रिगर दाबायचा सराव करा. बहुतेक मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलांत अशा ड्राय फायरची सोय असते. हात सैलावला की मगच माप घ्या.

मूठ कापण्याची घाई

इथे जरा थांबून बोलतो, कारण खरा आनंद इथेच आहे आणि सगळ्यात जास्त लाकूडही इथेच वाया जातं.

मूळ मूठ कापू नका. ती जशी आहे तशी फडक्यात गुंडाळून ठेवा आणि प्रयोगासाठी दुसरी घडवा. लाकूड निवडताना सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा मनात आणू नका. खेळण्याला तो उत्तम, पण मुठीला मऊ पडतो आणि स्क्रू धरत नाही. शिसव चांगलं, जुना साग चांगला, आणि जुन्या घराच्या तुळईतला मुरलेला फणस मिळाला तर फारच चांगला. सागाची आणि शिसवीची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते, कानस चालवताना तोंडाला फडकं बांधा. आमचे सुतार एवढंच म्हणतात, "साहेबानू, लाकूड आधी सुकूक व्हया." ते शंभर टक्के खरं आहे. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली असते आणि लाकूड ती पिऊन आडव्या अंगाने फुगतं. जुलैत नेमकी बसवलेली मूठ डिसेंबरात सैल होते, स्क्रू ढिला पडतो, आणि छर्रे कधी इकडे कधी तिकडे जाऊ लागले की माणूस साइट फिरवत बसतो. कापणी दिवाळीनंतर करा. आकार झाला की त्याच आठवड्यात जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, आणि आतली खाच व तंतू आडवे कापले गेलेले तोंड विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं. चकचकीत वार्निश नको, घामाच्या हातात मूठ निसटते. त्यापेक्षा टोच्याने बारीक ठिपके मारून पृष्ठभाग खरबरीत करा.

आता बसवण्याची पद्धत. नेम धरा, डोळे मिटा, हात खाली न्या, पुन्हा सावकाश उचला आणि मग डोळे उघडा. फोरसाइट बॅकसाइटच्या, म्हणजे मागच्या नेमखुणेच्या, खाचेत मधोमध आणि डोक्याला तिच्याशी सपाट दिसली पाहिजे. ती दर वेळी डावीकडे दिसत असेल तर उजव्या हाताच्या माणसाने तळव्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे मुठीच्या उजव्या मागच्या अंगाला, थोडा एमसील चढवायचा. मागचं टोक डावीकडे ढकललं जातं आणि नळी उजवीकडे येते. ती उजवीकडे दिसत असेल तर तिथलंच थोडं खरवडायचं. वर दिसत असेल तर मुठीच्या मागच्या कडेचा खालचा भाग कमी करून बघा. बऱ्याच पिस्तुलांत मुठीचा कोन स्क्रूने थोडा बदलता येतो, आधी तो वापरा. मनगट वाकवून साइट जुळवायची सवय लागली की ती मोडायला फार काळ जातो.

एका दिवशी एकच बदल. लोक चार ठिकाणी पुट्टी चढवतात, दोन ठिकाणी पॉलिश पेपर मारतात, आणि संध्याकाळी कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही. पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, आठवडाभर त्यावर नेमबाजी करा, मग पुढचा हात लावा.

मुठीच्या खालच्या अंगाला तळहाताला आधार देणारी पट्टी असते, तिने हाताला टेकायचं, चिमटायचं नाही. सकाळी गार हाताला बसलेली पट्टी दुपारी रक्त चढल्यावर आवळते, म्हणून जाड पुठ्ठा सरकेल इतकी जागा सोडा. स्पर्धेला जायचं असेल तर पट्टी आणि मूठ यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही. पट्टी कडेला वर वळवून हात जखडलेलाही चालत नाही, आणि अंगठा वर उचलता आलाच पाहिजे. नखशिखांत हाताला मिठी मारणारी सुबक मूठ घडवायची आणि ती तपासणीत बाद व्हायची, असं पुष्कळांचं होतं. आणखी एक: ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही लागता कामा नये. लागलं तर ट्रिगर दाबताना सगळं पिस्तूलच बाजूला ढकललं जातं.

ट्रिगर हलका म्हणजे चांगला, हा समज

स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. सर्व्हिसच्या ट्रिगरपुढे हे इतकं हलकं वाटतं की आपली माणसं सुरुवातीला हवं त्याआधीच छर्रा सोडतात, आणि थोडा हात बसला की त्याहूनही हलकं करायला बघतात. दोन्ही टोकं टाळा. सुरुवातीला मुद्दाम थोडं जड ठेवा. फर्स्ट प्रेशरवर (ट्रिगर अडेपर्यंतच्या पहिल्या दाबावर) वजनाचा मोठा वाटा आणि सेकंडवर (छर्रा सोडणाऱ्या शेवटच्या दाबावर) थोडा, ही वाटणी आपल्याला ओळखीची असते. मापताना नळी सरळ वर करा, पिस्तूल कॉक करा, छर्रा भरू नका, आणि ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगून सावकाश उचला. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर ठीक. काठावर ठेवू नका, पाच-दहा ग्रॅम वर राहू द्या.

स्क्रू फिरवण्याआधी प्रत्येकाची मूळ जागा लिहून ठेवा. आतल्या सियरला (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खिटीला) मात्र कानस किंवा ऑइलस्टोन कधीच लावायचा नाही. तिथला कडक थर एकदा गेला की पिस्तूल हाताच्या धक्क्यानेही सुटू शकतं.

हवा भरताना

पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) पिस्तुलाच्या नळकांड्यात २०० बारपर्यंत दाब असतो. ऑक्सिजन कधीही भरू नका. वेल्डिंगच्या दुकानात तो सहज मिळतो, आणि आतल्या तेला-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. कोरडी साधी हवाच हवी. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणीही आत जातं, रेग्युलेटर (दर छऱ्यामागचा दाब सारखा ठेवणारा भाग) आतून गंजतो. मालवण-तारकर्लीच्या बाजूला राहणाऱ्यांना यावर सोपा उपाय आहे: डायव्हिंग केंद्रावर स्कूबाच्या टाकीत भरतात ती हवा गाळून कोरडी केलेली असते, योग्य ॲडॅप्टर घेऊन विनंती करून बघा. सावकाश भरा. भसकन भरली की नळकांडं तापतं, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. त्यावर छापलेली तारीखही वाचा. या नळकांड्यांचं आयुष्य साधारण १० वर्षांचं धरतात, त्यानंतर ते बदलायचं.

गंज

खारं वारं घरात येतं, खिडकी बंद असली तरी. पिस्तूल ज्या फोमच्या पेटीत येतं ती पावसात ओलावा धरून बसते. बाहेरून पेटी कोरडी दिसते आणि आत नळीवर तांबडे ठिपके पडलेले असतात. जून ते सप्टेंबर पिस्तूल पेटीत ठेवू नका. सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि ते जेल अधूनमधून तापवून कोरडं करा. नेमबाजी झाली की घामाचा हात लागलेली प्रत्येक धातूची जागा पुसा. तेल बाहेरून, तेही पुसटसं. हवेच्या वाटेत खनिज तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस. दिसेल तिथे स्प्रे मारायची सवय रबर फुगवते, आणि मग हवा गळते म्हणून पिस्तूल दुरुस्तीला जातं.

छऱ्यांवर पांढरट भुकटी दिसली तर तो डबा टाकून द्या. शिसं आहे ते, नंतर हात साबणाने धुवा आणि नातवंडांच्या हाती डबा लागू देऊ नका.

चिऱ्याच्या भिंतीसमोर निशाण लावणे

आपल्या घरांना जांभ्या चिऱ्याच्या भिंती. त्यावर छर्रा आपटला की कुठल्या दिशेने परत येईल सांगता येत नाही. निशाणामागे तिरका लोखंडी पत्रा असलेली पेटी, किंवा जुन्या कपड्यांनी गच्च भरलेलं लाकडी खोकं हवं. डोळ्यावर चष्मा हवाच. पडवीत नेमबाजी करत असाल तर पाखाडीने येणारं माणूस कुठून वळतं ते आधी बघा आणि ती बाजू बंद करा.

पन्नाशीनंतरचे डोळे

फौजेत टार्गेट बघायची सवय. इथे नजर फोरसाइटवर ठेवायची आणि काळं वर्तुळ धूसर दिसू द्यायचं. पन्नाशीनंतर नेमकी फोरसाइटच धूसर होते, म्हणून माणूस नकळत टार्गेटकडे बघू लागतो. बायफोकल चष्म्याने मान वाकडी होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिस्तुलाच्या साइटचं अंतर मोजून न्या. लांबच्या नंबरात साधारण अधिक ०.५० ते ०.७५ मिळवून केलेली एकच काच बहुतेकांना पुरते. मूठ सुधारूनही नेम न लागलेल्या कित्येकांचा प्रश्न या काचेने सुटलेला मी बघितला आहे.

बिघाड कुणाचा?

नेम बिघडला की साइट फिरवण्याआधी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच डब्यातले दहा छर्रे मारा. भोकं एकमेकांत मिसळली तर पिस्तूल निर्दोष आहे, काम हातावर करायचं. ती पसरली तर आधी मुठीचे आणि साइटचे स्क्रू बघा, मग दुसऱ्या डब्यातले छर्रे मारून बघा. छऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९ आणि ४.५० असं एवढ्याने जरी बदललं, तरी एखाद्या नळीला ते आवडत नाही. दाब कमी होत जाईल तशी भोकं उभ्या रेषेत खाली घसरत असतील तर दोष रेग्युलेटरचा. पिशवीवर ठीक आणि हातात धरल्यावर खाली-डावीकडे, उजव्या हाताच्या माणसाचं, तर ट्रिगर झटक्याने दाबला जातोय किंवा सुटण्याच्या क्षणी सगळी मूठ आवळली जातेय. उभा पसारा आणि दाब ठीक, तर दोष श्वासाचा.

स्पर्धेला जाणार असाल तर पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत आहे का, आणि ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसतं का, हे नवी मूठ लावल्यानंतर पुन्हा मापा. रुंद पट्टी घडवली की बहुतेक वेळा ५० मिलिमीटरलाच अडतं. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ ला पॅरिसहून तीच मुलगी दोन ब्राँझ घेऊन आली. बिघाड कुणालाही गाठतो. पिशवीत ॲलन कीचा संच, जास्तीच्या ओ-रिंग, भरलेलं दुसरं नळकांडं आणि ती फडक्यात गुंडाळलेली मूळ मूठ असू द्या. लाकूड ऐन वेळी तडकलं तर ती चार मिनिटांत चढवता येते.