ड्राफ्ट बीएलला चार मिनिटांत ‘ओके’ म्हणू नका: आयातीतल्या नेहमीच्या चुका

परदेशातून पहिल्यांदा माल मागवणारा माणूस मला हमखास एकच प्रश्न विचारतो, “कंटेनरचं भाडं काय चाललंय?” भाड्यात थोडं वाचावं म्हणून आठवडाभर पाच फॉरवर्डरांना (मालवाहतूक जुळवून देणाऱ्यांना) पिडतो आणि कागद आले की न वाचताच पुढे ढकलतो. भाड्यापायी बुडालेला आयातदार मी अजून पाहिलेला नाही. कागदापायी कपाळाला हात लावून बसलेले मात्र दर महिन्याला भेटतात.

त्यातला माझा खास राग ड्राफ्ट बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यावर. बीएल म्हणजे शिपिंग लाइनने, जहाज कंपनीने, दिलेली मालाची पावती; तिची मूळ प्रत दिल्याशिवाय एरवी माल सुटत नाही. जहाज सुटायच्या सुमारास तो मेलवर येतो, तपासा आणि कळवा म्हणून. एका आयातदाराचा वीस फुटी कंटेनर निघाला होता, आत फरशा. ड्राफ्ट आला आणि चौथ्या मिनिटाला त्याचं उत्तर गेलं: ‘ओके’. फोनवरच पाहिला असणार, तोही जिना उतरताना. कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, नावात ‘ट्रेडर्स’च्या जागी ‘ट्रेडिंग’ पडलं होतं, आणि त्याची आयातदार म्हणून नोंदणी होती ‘ट्रेडर्स’ नावाने.

प्रवास अवघा 11 दिवसांचा. उरलेले 70 टक्के पैसे बीएलची कॉपी पाहून द्यायचे ठरलं होतं. ते या गृहस्थांनी आठव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाठवले. मध्ये शनिवार-रविवार. विक्रेत्याच्या खात्यात रक्कम दिसली मंगळवारी, तोवर जहाज लागून कंटेनर उतरलाही होता. मूळ बीएल कुरियरने हातात पडले तेव्हा 7 फ्री डेजपैकी (कंटेनर बंदरात बिनभाड्याने राहू शकतो ते दिवस) शेवटचा उजाडला होता, आणि ते नाव तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी नीट वाचलं. मग तिन्ही ओरिजिनल परत विक्रेत्याकडे, तिथून दुरुस्ती, शिपिंग लाइनचं पत्र, मॅनिफेस्टमधला (जहाजावरच्या मालाच्या यादीतला) बदल, कस्टम्समध्ये अर्ज. कंटेनर सुटला तो उतरल्यापासून 26व्या दिवशी. डिमरेज, म्हणजे फ्री डेज संपल्यावर शिपिंग लाइन लावते तो आकार, टप्प्याटप्प्याने चढतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्याचा दर पहिल्यासारखा नसतो. शिवाय टर्मिनलचं जागाभाडं वेगळं. दोन्ही मिळून आकडा समुद्रभाड्याच्या वर गेला. कशामुळे? दोन अक्षरांमुळे.

मी ड्राफ्ट छापतो. पट्टी ठेवून लाल पेनने एकेक ओळ वाचतो, शेजारी इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि आयातदाराचं नोंदणीपत्र. नाव, पत्ता, उतरवायचं बंदर, नगांची संख्या, ग्रॉस वजन, सील नंबर, कंटेनरची चार अक्षरं आणि सात आकडे. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत.

आणि पूर्ण पैसे देऊन झालेत, मध्ये बँकेची एलसी (कागद पाहून पैसे द्यायची हमी) नाही, तर ओरिजिनल कागद मागवायचेच कशाला? टेलेक्स रिलीज घ्या, म्हणजे ओरिजिनल तिकडेच जमा होतात आणि इकडे माल सोडायचा निरोप येतो; किंवा सी वेबिल करा, त्यात ओरिजिनल लागतच नाहीत. टेलेक्सची मशिनं कधीच भंगारात गेली, आता नुसता मेल जातो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. विक्रेत्याने चॅटवर ‘टेलेक्स डन’ लिहिलं म्हणजे झालं असं समजू नका. शिपिंग लाइनच्या तुमच्याकडच्या ऑफिसात रिलीज आलाय का, हे फॉरवर्डरकडून विचारून घ्या. जवळच्या बंदरातून माल येत असेल तर जहाज कागदाच्या आधी पोहोचतं, हे धरूनच चाला.

दुसरी चूक गोड असते म्हणून जास्त लोक करतात. विक्रेता म्हणतो, “सीआयएफ देतो, भाडं आमच्याकडे.” सीआयएफ म्हणजे माल, विमा आणि समुद्रभाडं धरून किंमत. माल थोडा, एलसीएलमध्ये इतरांच्या मालाबरोबर येणारा. भाडं इतकं कमी की जवळजवळ फुकट. अहो, फुकट कोणी कशाला नेईल? तिकडचा कन्सॉलिडेटर (अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणारा) माल मिळवायला भाडं पाडतो आणि त्याचा इकडचा एजंट ते तुमच्याकडून वसूल करतो: डीओ (माल सोडायचा आदेश) चार्ज, सीएफएस (कंटेनर उघडून माल वेगळा करतात ते गोदाम) चार्ज, हँडलिंग, डॉक्युमेंटेशन, आणखी कसलीशी फी. तुम्ही त्या एजंटचं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे घासाघीस चालत नाही. माल त्याच्या ताब्यात आणि डीओ त्याच्या टेबलावर.

त्यातून सीआयएफमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. विक्रेत्याने काढायचा विमाही नियमाप्रमाणे किमान, म्हणजे क्लॉज सी इतकाच पुरतो. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असलं येतं. चोरी किंवा पावसाने भिजणं येत नाही. मी एफसीएवर खरेदी करायला सांगतो, म्हणजे विक्रेत्याने माल तिकडेच ठरल्या जागी आपल्या वाहतूकदाराकडे सोपवायचा; फॉरवर्डर आपला आणि विमा क्लॉज ए, सगळ्यात व्यापक. सीआयएफ घ्यायचंच असेल तर इकडच्या सगळ्या चार्जेसची यादी बुकिंगच्या आधी लेखी मागा. यादी द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर काय ते समजा.

एक्सवर्क्सची किंमत सगळ्यात कमी दिसते, कारण कारखान्याच्या दारापासून पुढचं सगळं तुमच्या डोक्यावर असतं, तिकडचं एक्सपोर्ट क्लिअरन्ससुद्धा.

एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) विक्रेत्याच्या इनव्हॉइसवरून उचलू नका. पहिले 6 आकडे जगभर सारखे, पुढचे देशागणिक वेगळे. कस्टम ब्रोकरला मालाचा फोटो आणि कॅटलॉग पाठवून माल निघायच्या आधी कोड ठरवा.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का आहे का, याचा फोटो कंटेनर बंद होण्याआधी मागवा.

सीबीएम (मालाचं घनमीटरमधलं माप) विचारताना “पॅलेटसकट” हा शब्द घाला. कारखाना बहुतेक वेळा नुसत्या खोक्यांचं माप देतो. विमानाने आणणार असाल तर लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000ने भागा. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर बिल त्याचंच. उशा आणि लॅम्पशेड विमानाने मागवणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

“एवढ्याशा मालाला विमा कशाला” म्हणणाऱ्यांनी मार्च 2021 आठवावा. एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं, सुटल्यावर जनरल ॲव्हरेज जाहीर झालं, म्हणजे जहाज वाचवायचा खर्च जहाजमालक आणि सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा. अशा वेळी आपल्या खोक्याला ओरखडा नसला तरी मालाच्या किमतीच्या प्रमाणात हमी द्यावी लागते. विमा असेल तर कंपनी देते, नसेल तर रोख अनामत भरा, मगच माल.

फ्री डेज वाढवून मिळतात, पण बुकिंग करताना मागितले तर. कंटेनर उतरल्यावर गयावया करणं व्यर्थ. आणि रिकामा कंटेनर वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन निराळं लागतं, ते डिमरेजमध्ये धरलेलं नसतं.

तो फरशावाला अजून आमच्याकडेच आहे. आता ड्राफ्ट आला की दोन दिवस त्यावर बसून राहतो. परवा त्यात दुरुस्तीची मुदत उलटली आणि अमेंडमेंट फी लागली.