कडू दुधी, हिरवा बटाटा: बागेतली भाजी कधी टाकून द्यायची

सुरण किंवा अळू चिरताना हात कोरडे ठेवा आणि आधी तेल लावा. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कातडीत रुततात, खाज त्यांचीच. कच्चट राहिलं तर तीच खाज घशाला.

मिरच्या चिरल्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन भागत नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळा, मग साबण लावा.

राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा.

हिरवट बटाट्याचा हिरवा भाग आणि कोंब खोलवर काढा. सगळाच हिरवा किंवा कडवट असेल तर फेका. त्यातलं सोलॅनिन हे विष उकळून जात नाही.

आता कडू निघालेला दुधी, काकडी, दोडका. इथे सर्वाधिक चुकीचे सल्ले मिळतात. मीठ लावून पिळा, टोकं घासून फेस काढा, जास्त शिजवा: यातल्या कशावरही विसंबू नका. कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि ते शिजवून नष्ट होत नाही. कारल्याशी तुलनाही नको, त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा.

चव अशी घ्या. देठाकडची एक चकती कापा, कडूपणा बहुधा तिथे जास्त असतो. नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवा आणि थुंका. मग मधला तुकडा तसाच चाखा. जरा जरी कडू लागला तरी अख्खं फळ टाका, ‘चांगला भाग’ वेगळा काढत बसू नका. प्रत्येक फळ वेगळं चाखायचं; वेलावरचा एक दुधी गोड निघाला म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. कच्चा रस सगळ्यात धोक्याचा: एका पेल्यात बराच दुधी जातो आणि आलं-लिंबात कडूपणा झाकला जातो. कडू रस पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला तर घरगुती उपाय करत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. रक्ताची उलटी होऊ शकते, रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. यावर उतारा नाही. सलाईन आणि देखरेख हाच उपचार.

कडू फळ आलेल्या वेलाचं बी ठेवू नका. शेजारी रानटी किंवा शोभेचे भोपळे असतील तर गोड फळाचंही ठेवू नका: परागसंकर झाला असेल तर त्या बियांतून उगवलेला वेल कडू निघू शकतो.