आधी गोष्ट, मग चेहरा: अ‍ॅनिमेशन आणि चित्रांसाठी पात्र घडवताना

पात्र काढायला बसलं की बहुतेकांचा हात आधी डोळ्यांकडे जातो. मग केस, मग कपडे, आणि सगळं झाल्यावर प्रश्न पडतो, आता याची गोष्ट काय? असं पात्र देखणं होतं, पण दुसऱ्या प्रसंगात टाकलं की अडखळतं. ते कशाला घाबरतं, कशापुढे वाकतं, हातात काय धरतं हे कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून क्रम उलटा धरा. पात्राला काय हवंय, त्याच्या आडवं काय येतंय आणि रोज त्याच्या अंगावर कोणतं काम पडतं, या तीन गोष्टींतून पोझ काढा. पोझमधून आकार काढा, मग कपडे. चेहरा शेवटी.

उदाहरणाला एक पात्र घेऊ. सुली, वय 11, बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला सांगलीकडे निघतात आणि तीही सोबत जाते. दीड वर्षाचा भाऊ दिवसभर तिच्या कडेवर. तिला पाचवीचं पुस्तक संपवायचंय आणि हात मोकळे नाहीत. एवढं दोन ओळींत कागदावर लिहा. "गरीब पण हुशार मुलगी" असं लिहिलं तर पेन्सिल हलणार नाही, कारण विशेषणं काढता येत नाहीत. "कडेवर भाऊ असताना पुस्तक वाचणारी मुलगी" हे लगेच काढता येतं.

अंग आधी

मूल डाव्या कडेवर असेल तर कंबर डावीकडे बाहेर येते आणि धड उजवीकडे झुकतं. उजवा हात मोकळा राहतो, म्हणून पुस्तक, कळशी, काठी जे काही असेल ते त्याच हातात. आता गोष्टीचा उपयोग बघा: महिनोन् महिने असं उभं राहिलेली मुलगी भावाला खाली ठेवल्यावरही तशीच तिरकी उभी राहील. भाऊ चौकटीत नसला तरी तो तिच्या अंगात दिसेल. हा तिरकेपणा म्हणजेच तिचं डिझाइन. तो सापडला की अर्धं काम झालं.

कडेवरचं मूल काढताना एक चूक हमखास होते. मुलाचे दोन्ही पाय पुढच्या बाजूला काढले जातात आणि मूल चिकटवल्यासारखं दिसतं. एक पाय पुढे, दुसरा तिच्या पाठीमागे गेला पाहिजे. लेयर लावून कटआउट पद्धतीनं, म्हणजे अंगाचे सुटे तुकडे करून, हलवणार असाल तर सगळ्यात खाली भावाचा मागचा पाय, त्यावर सुलीचं धड, त्यावर भाऊ आणि सगळ्यात वर सुलीचा डावा हात. भाऊ मुद्दाम थोडा मोठा ठेवा, पाय तिच्या मांडीच्या मध्याच्या खाली येतील इतका. लहान काढला तर वजन जाणवत नाही आणि गोष्टीतला अडथळाच हलका होतो.

मग 20 ते 30 थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढा. प्रत्येक 3-4 सेंटीमीटर उंच, जाड ब्रशनं किंवा मार्करनं, आतली एकही रेघ न काढता नुसता काळा आकार भरून. एकाला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ देऊ नका. हात आणि धड यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते का, हे तपासा. पुस्तक छातीशी धरलं की ते काळ्या आकारात गडप होतं. हात लांबवून, बाजूला धरलं तर दिसतं. जे काळ्या आकारात दिसत नाही, ते मोबाइलच्या पडद्यावरही प्रेक्षकाच्या नजरेत बसत नाही.

एकाच प्रसंगात पात्रं वेगळी कशी ठेवावीत हे शिकायला वेरूळला जा. लेणी क्रमांक 16, कैलास, इथं रावण पर्वत हलवतो ते शिल्प आहे. खाली हात पसरून जोर लावणारा रावण, वर शिवाला बिलगलेली पार्वती, पाठ फिरवून पळणारी दासी, आणि निवांत बसलेला शिव. हादरा एकच आहे, पण चौघांची अंगं चार उत्तरं देतात. वही घेऊन तिथं फक्त बाह्याकार उतरवा, दागिने सोडून द्या.

प्रमाण

प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, अकरा वर्षांचं मूल साडेसहाच्या आसपास. ॲनिमेशनच्या शैलीत सुलीला साडेचार डोकी, भावाला तीन आणि आईला सहा ठेवता येतील. आकडे तुम्ही बदला, पण सगळ्यांना एका रेषेवर शेजारी उभं करून उंचीचा तक्ता आधीच काढा. तो नसेल तर तिसऱ्या शॉटपर्यंत सुली आईच्या खांद्याला लागलेली असते.

कपडे आणि वस्तू

इथं "गावाकडचं" नावाचा साचा फार नुकसान करतो: प्रत्येक पुरुषाला फेटा आणि झुपकेदार मिशा, प्रत्येक बाईला नथ. उसाच्या फडात नथ घालून कुणी कामाला जात नाही. उसाचं पाचट हात कापतं, म्हणून बाया लुगड्यावर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला फडकं घट्ट बांधतात. तरुण पोरं जीन्स-टीशर्टवर असतात, दस्ती (रुमाल) तोंडाला बांधून. म्हातारे पांढरी टोपी आणि धोतर किंवा पायजमा. प्रत्येक कपड्यामागचं कारण सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो काढून टाका.

सुलीचं दप्तर खताच्या गोणीचं शिवलेलं. फ्रॉक राणी रंगाचा, उन्हानं खांद्यांवर आणि पाठीवर विटलेला, पण चुण्यांच्या आत मूळ रंग तसाच. एवढ्या एका खुणेतून तिनं किती दिवस उघड्यावर काढले ते कळतं. राणी रंग निवडण्याचं दुसरं कारण म्हणजे धारूरकडचं करडं-पिवळं माळरान आणि फडातला हिरवा, दोन्हींवर तो उठून दिसतो. हिरवा फ्रॉक दिला तर ती उसात हरवेल. चित्र एकदा राखाडी करून बघा. तिचा चेहरा आणि मागची पार्श्वभूमी एकाच छटेत मिसळली, तर रंग कितीही सुंदर असो, बदला.

आता खर्चाचा हिशोब. सेकंदाला 24 फ्रेम आणि दोन फ्रेमना एक चित्र धरलं तर 10 सेकंदांच्या शॉटला 120 चित्रं लागतात. फ्रॉकवर 25 फुलं असतील तर 3,000 फुलं काढायची, आणि ती थरथरली तर प्रेक्षकाचं लक्ष तिकडेच. नक्षी फक्त खालच्या काठाला ठेवा. बैलांचंही तसंच. देवणी जातीच्या बैलाच्या अंगावरचे काळे डाग प्रत्येक चित्रात जागेवर बसवावे लागतात, लालकंधारी जातीचा एकाच तांबड्या रंगात होतो. पुस्तकातल्या चित्राला देवणी खुशाल घ्या. चालणारी बैलजोडी हातानं काढणार असाल तर आमचं मत लालकंधारीकडे.

बदल आणि बाकीची पात्रं

गोष्टीत पात्र बदलतं, म्हणून तीन उभ्या पोझ काढा: निघताना, हंगामाच्या मध्यावर, परत आल्यावर. तिन्हींत तीन खुणा कायम ठेवा, उदाहरणार्थ तिरकी कंबर, गोणीचं दप्तर, एकच वेणी. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकातला राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो, आणि आपण त्याला ओळखतो ते त्याच्या कायम राहिलेल्या खुणांमुळे. बाकी सगळं बदलू द्या: बाही फाटू द्या, पुस्तकाचं कव्हर जाऊ द्या.

मुकादमाला, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्याला, टोकदार त्रिकोणात आणि काळ्या चष्म्यात बसवणं सोपं आहे. पण त्यानं कारखान्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन जोडप्यांना वाटलेली असते, वसुली झाली नाही तर तोही अडकतो. हे लक्षात घेतलं की त्याची पोझ बदलते: छाती पुढे, पण मान सतत मोबाइलकडे वळलेली. आकार चौकोनी ठेवा, खांदे थोडे पडलेले.

चेहरा आता. आठ भाव पुरेत, पण "आनंद, राग, दुःख" असे सुटे काढू नका. गोष्टीतले क्षण लिहा आणि त्यांना काढा: भाऊ झोपला आणि पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून धरलेला श्वास, मुकादम बापाला ओरडत असताना सुलीनं खाली घातलेली नजर. टर्नअराउंडला, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या तक्त्याला, समोरून, पाऊणबाजू, बाजू, मागून असे चार. एक बाजू काढून दुसरी सॉफ्टवेअरमध्ये उलटवू नका, नाहीतर भाऊ उजव्या कडेवर जाईल.

शेवटी गोष्ट न ऐकलेल्या तिघांना फक्त काळे आकार दाखवा आणि विचारा: ही कोण, हिला काय करायचंय, काय नडतंय? पहिलं उत्तर चुकलं तर प्रमाण तपासा, दुसरं चुकलं तर उजवा हात आणि त्यातलं पुस्तक, तिसरं चुकलं तर भावाचं वजन. तिघांनीही बरोबर ओळखलं की मगच शाई लावा.