ऑस्करचा खुराक घरच्या घरी

दुकानातून आणलेल्या खाद्य-माशांनी माझ्या ऑस्करला, म्हणजे टाकीतल्या मोठ्या मांसाहारी माशाला, पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आणला. अंगावर जणू बारीक मीठ भुरभुरलंय! तो बरा झाला, पण मी बाहेरचा जिवंत खुराक बंद केला आणि गच्चीवर टबात गप्पी सोडले. गोल्डफिश मुद्दाम टाळले. त्यांच्यातल्या थायमिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

चार महिने झाले तरी टबात तेवढेच मासे. माद्या साधारण महिन्याला वीत होत्या, पण पिल्लं जायची आयांच्याच पोटात. मग भाजीची जाळीदार टोपली टबात अर्धी बुडवून टांगली. मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं आणि शेपटीकडचा डाग काळाभोर झाला, की तिला टोपलीत ठेवायची. पिल्लं भोकांतून खाली निसटतात. खाली हायड्रिला या पाणवनस्पतीचा दाट गुंता हवाच, कारण टबातले बाकीचे मासेही काही साधू नाहीत. पहिल्याच खेपेला एकोणीस पिल्लं मोजली.

खरी परीक्षा मे महिन्यात. जळगावचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. टब भिंतीआड सावलीत सरकवला, वर हिरवी शेडनेट, भोवती ओलं गोणपाट आणि एक एअर पंप. शेजारच्या आजी विचारून गेल्या, "भाऊ, हाई काय शे?"

आता ऑस्करला आठवड्यातून दोनदाच गप्पी देतो, एरवी तयार मत्स्यखाद्याचे दाणे. फक्त जिवंतच द्यायला लागलं, की तो दाण्यांकडे बघतही नाही.