कुणकेश्वरला जाताना तिथी बघून निघा

देवगडजवळच्या कुणकेश्वरला खडकांवर कोरलेली शिवलिंगं ओहोटीलाच उघडी पडतात. त्यामुळे आधी कालनिर्णय काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता भरती, साधारण 6 तासांनी, म्हणजे 9 वाजता ओहोटी. मला द्वितीयेची सकाळ सर्वांत आवडते: साडेसातच्या सुमारास पाणी खूप आत गेलेलं असतं आणि ऊनही कोवळं. हिशेबात तासभराचा फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचाराच. शेवाळलेल्या खडकावर चपला निसटतात, पकड असलेले बूट घाला. पाणी वळलं की लगेच मागे फिरा. हिवाळ्यात गेलात तर गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो, तो चुकवू नका.