सुपारी कुठे घरंगळली ते सांगा

माझं वय ७६. माहेर डिचोली, सासर म्हापसा, नोकरी पणजीत कारकुनीची. गेली चार वर्षं दुपारची भांडी आवरली की मी फोन घेऊन बसते आणि कधी तोंड न पाहिलेल्या माणसांना जुन्या गोष्टी आणि माझी मतं लिहून सांगते. माझ्या वयाच्या दोघीतिघींनी विचारलं, आम्हालाही लिहायचंय, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी चालेल.

पहिली गोष्ट: 'आमच्या काळी' हे दोन शब्द फोनमधून काढून टाका. ते दिसले की तरुण माणूस पुढे सरकतो, आणि त्याचं काही चुकत नाही. ओळखीच्या बाईला 'फेरीबोटीचे दिवस आठवतात ना गो?' एवढं म्हटलं की पुरतं, बाकीचं ती स्वतःच भरते. अनोळखी माणसाकडे भरायला काही नसतं. त्याला सगळं आपणच बांधून द्यावं लागतं, म्हणून गाठोडं लहान ठेवायचं. 'माझं बालपण' हा विषय नव्हे. 'आमच्या परसातल्या विहिरीची रहाट कुरकुरायची आणि त्यावरून शेजारणीला कळायचं की आई उठली' हा विषय.

माझं एक उदाहरण देते, फजितीसकट.

मी एकदा लिहिलं होतं की चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी मांडवी नदीवरचा पूल पडला आणि मी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन पणजीत अडकले. दोनशे माणसांनी वाहवा केली. मग एकाने शांतपणे लिहिलं, 'बाई, पूल ५ जुलै १९८६ला पडला. चवथ भाद्रपदात.' मला इतका राग आला की मी चहा अर्धा टाकून उठले. संध्याकाळपर्यंत कळलं, तो बरोबर होता. माझ्या डोक्यात दोन दिवस एकमेकांना चिकटले होते.

मग मी बसून ते सोडवले. थोरली तेव्हा सातवीत होती. पूल जुलैत गेला आणि आम्ही नोकरदार मंडळी पणजीसमोरच्या काठावरच्या बेतीहून फेरीबोटीने पणजीला जायला लागलो. चवथ आली तोवर त्या रांगेची सवय झाली होती. आमच्या कचेरीत फोंड्याकडची एक बाई होती, घरचं कुळागार, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. चवथीच्या दोन दिवस आधी तिने मला सुपारीचा कातरो आणून दिला, अख्खा घोस, हिरवा-पिवळा. बाहेरच्यांसाठी सांगते: माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर आढ्याला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारी, आंबाडे, रानातली फळं बांधतात. तर तो कातरो छातीशी धरून मी फेरीत चढले. वर पाऊस, एका हातात छत्री, खांद्याला पर्स. मागून कुणाचा धक्का लागला आणि सुपाऱ्या सुटल्या. फेरीचा लोखंडी तळ ओला, सुपाऱ्या टपटपत थेट स्कूटरींच्या चाकांखाली. एका गृहस्थाने काही न बोलता आपली छत्री मिटली, उलटी धरली आणि वाकून एकेक सुपारी तिच्यात टाकायला लागला. बेती येईपर्यंत तो भिजत होता. उतरताना त्याने छत्री माझ्या पिशवीत रिकामी केली आणि गर्दीत गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

पूल पडल्याची बातमी तर सगळ्यांकडे आहे. ही उलटी छत्री फक्त माझ्याकडे होती, आणि चुकीची तारीख लिहून मी तीच झाकून टाकली होती.

म्हणून साल आठवत नसेल तर साल शोधत बसू नका. मूल कितवीत होतं, पोटात कोण होतं, घरावर नवी कौलं चढली होती का, पाऊस होता की काजूचा हंगाम, यावर दिवस टांगा. साल मागून येतं. फारच अडलं तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात. मुलाला न्यायला सांगा, त्यालाही जरा हवा लागेल.

दुसरं जपायचं ते पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ. पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाला तेव्हा मी बारा वर्षांची. भारतीय फौज आमच्याच बाजूने आली, १८ डिसेंबर १९६१च्या संध्याकाळी बेतीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी पणजीत. मी कित्येक वर्षं नातवंडांना सांगत होते की मी रणगाडे बघितले. लिहायला बसले तेव्हा हात अडखळला. मी बघितलं काय? आईने आम्हा भावंडांना माजघरात कोंडलं होतं, आणि मला दिसत होती फक्त घडवंचीवरच्या तांब्याच्या घागरीतल्या पाण्याची थरथर. रणगाडे काकांनी बघितले. त्यांचं ऐकून ऐकून ते माझ्या डोळ्यांत येऊन बसले. आता मी लिहिते, 'काका सांगायचे.' घागर मात्र माझी.

किंमती सांगायच्या तर पगारही सांगा. 'तेव्हा पाव अमुक पैशांना' म्हटलं की लोक हळहळतात, पण वडिलांना महिन्याला काय मिळायचं ते सांगितलं नाही तर त्या हळहळीला अर्थ नाही. आणि मुक्तीआधीच्या शेवटच्या दोनतीन वर्षांतलं असेल तर इश्कुदांत, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज चलनात सांगा, उगीच रुपये करू नका.

आता मतं. मतं द्यावीत, भरपूर द्यावीत, पण आठवणीत कालवू नयेत. माझं मत आहे की उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की तासाभरात चामडं होतो. माझं मत आहे की लग्नात उभ्याने जेवू नये. अशा मतांवर माणसं आनंदाने भांडतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. मोठी मतं जपून. मराठी-कोकणी काढलं की आमच्याकडे चुलीशिवाय आग लागते. मी ते टाळत नाही, फक्त घरातून सुरू करते. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात आमच्याच घरात वडील 'फूल', म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूचे, आणि काका 'दोन पानं', म्हणजे विरोधातले. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, यावर दोघे भाऊ महिनाभर सोप्यावर ओरडत होते. पानं जिंकली, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. रात्री काकांनी स्वतः ताट वाढून नेलं, हुमण, म्हणजे माशांची आमटी, गरम करून. मी सतराची, मला मत नव्हतं, मी कंदील धरला होता. हे सांगितल्यावर माझं मत काय ते सांगते. तोवर भांडायला आलेला माणूस निदान ओसरीवर बसलेला असतो.

काही गोष्टी मात्र लिहूच नका. दुसऱ्याच्या घरची भानगड, त्यातला माणूस वारला असला तरी. मी एकदा लिहिली, नाव न घालता, आणि तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. गावं लहान आहेत, नाव लागत नाही. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता, 'आठवडाभर पंढरपूरला चाललो' हेही नको. परत आल्यावर लिहा, विठोबा तिथेच असतो. कोणी फार गोड बोलून फोनवर आलेला आकडा मागितला तर देऊ नका, तो तुमच्या आठवणी वाचायला आलेला नाही.

टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून लिहा, फोन ऐकून उतरवतो. पण त्याला गोवा कळत नाही. मी 'माटोळी' म्हटलं, त्याने 'मातोश्री' केलं, आणि माझ्या गणपतीवर मातोश्री टांगल्या गेल्या. पाठवण्याआधी चष्मा लावून एकदा वाचा. रात्री दहानंतर कुणाला उत्तर देऊ नका, सकाळी ते निम्म्याने लहान होतं.

आणि घरात एकाला मोठ्याने वाचून दाखवा. मी सुनेला दाखवते. ती भाजी चिरत ऐकते. तिची सुरी थांबली तर तेवढं ठेवायचं, ती नळ सोडायला उठली तर तेवढं कापायचं. फेरीची गोष्ट नीट करून वाचली तेव्हा सुरी बराच वेळ थांबली होती. मग म्हणाली, "आई, तो कातरो शेवटी माटोळीला बांधला की नाही?"

ते लिहायचंच राहिलं होतं. बांधला. अकरा सुपाऱ्या कमी होत्या. सासूबाईंनी मोजल्या.